कत्थ्या लोकरीला जोडीचा रंग

लोकरीचं दुकान होतं तिथे आता मोबाइलची कव्हरं टांगलेली आहेत. भंडाऱ्याच्या त्या बोळात मी उभा राहिलो आणि आधी वाटलं, आपणच बोळ चुकलो. मग शेजारच्या भांडीवाल्याचा लोखंडी जिना पाहिला, नालीवरची तुटकी फरशी पाहिली. बोळ तोच होता. दुकानच मेलं होतं.

काउंटरमागे एक पोट्टा कानात बोंडं घालून बसला होता.

"लोकर कुठं भेटल बा?"

"काय?"

"लोकर. स्वेटर इनाची."

त्यानं एका कानातलं बोंडूक काढलं. "आता कोन इनते काका? रेडीमेड घेऊन टाका नं. का काकूले टाइमपास पाह्यजे?"

टाइमपास! माझ्या अंगाची आग झाली. त्याच्या बापानं, आज्यानं थंडीत जे अंगावर घातलं असेल ते कुठल्या तरी बाईनं डोळे फोडून विणलेलं असेल, आणि हा म्हणतो टाइमपास. मी त्याला दोन शब्द सुनावले. त्यानं बोंडूक परत कानात घातलं. भांडण करायला समोरचा ऐकणारा तरी लागतो.

मी भंडाऱ्याला फवारणीच्या पंपाचा वायसर आणायला गेलो होतो. लोकरीसाठी गेलो नव्हतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण बायकोनं आमच्या करडी गावात वेगळंच पसरवलं आहे.

लोकरीच्या त्या दुकानात पाय ठेवला की आधी डांबरगोळ्यांचा वास यायचा. त्याच्याखाली नव्या रंगाचा, जरासा आंबूस, नाकाच्या शेंड्याला बसणारा. दिवाळी सरली की शेठ दाराच्या चौकटीवर लोकरीचे लच्छे टांगायचा. वाऱ्यानं ते हलायचे आणि बोळात उतरणाऱ्या उन्हात रंग सांडायचे. आत लाकडी फळ्या, फळ्यांवर पुठ्ठ्याचे डबे, डब्यांवर नंबर. मी नंबर कधी वाचला नाही. माझ्यासाठी त्या रंगांची नावं वेगळी होती. पऱ्ह्याचा पोपटी, म्हणजे रोवणीच्या आधी धानाचं रोप जसं असतं तसा. शिंगाड्याच्या सालीचा, जो लाल म्हणावा तर लाल नाही आणि काळा म्हणावा तर काळा नाही. लाखोरीच्या फुलाचा निळा. दुधावरच्या सायीचा. शेठही पुढे पुढे माझीच नावं घ्यायला लागला. नोकराला ओरडायचा, "करडीचे पाटील आले, त्याइले शिंगाड्याचा दाखव." मी पाटील नाही. पण तो म्हणायचा आणि मी म्हणू द्यायचो.

मला रंग कसे कळायला लागले हे कोणी विचारत नाही, म्हणून सांगतो. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, आणि तिथे मला रंगाची पेटी कोणी दिली नाही. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवून शिकलो. माझ्या बापाकडे एक ढवळा होता आणि एक तांबडा. बाप दोघांच्याही शिंगांना एकच हिरवा फासायचा. मी लहान होतो तरी मला ते पाहून राग यायचा. ढवळ्याला हिरवा शोभतो, तांबड्याला तो मारून टाकतो. एका पोळ्याला मी बापाचं ऐकलं नाही, तांबड्याची शिंगं पिवळी केली आणि टोकाला हिंगूळ दिला. बापानं कानाखाली दिली. मग तोरणाखाली बैल उभे राहिले, झडत्यांची गाणी सुरू झाली, आणि सारं गाव आमच्या तांबड्याकडे पाहत होतं. बापानं परत कधी ब्रशला हात लावला नाही. पुढे पोळ्याच्या आदल्या दिवशी अर्ध्या गावाचे बैल आमच्या दारी यायचे. बैलाचा अंगरंग आधी पाहायचा, मग डबा उघडायचा, एवढंच माझं शिक्षण.

बैल गेले. शिंगं गेली. ट्रॅक्टरला कोण रंगवतो?

मग बायकोच्या लोकरीत मी नाक खुपसलं. लग्न होऊन ती आली तेव्हा तिच्या पेटीत दोन सुया होत्या आणि अर्धवट विणलेला एक मोजा. हात तिचा असा की बोलता बोलता, डाळ शिजते का याच्याकडे कान ठेवून, न बघता टाके पडायचे. पण रंगाच्या बाबतीत बाई ठार आंधळी. डोळे तरणे होते तेव्हापासून. राणी रंगाला केशरी लावायची. मी म्हणायचो, हे स्वेटर आहे का मंडप? सुरुवातीला चिडायची, नंतर लोकरीचे गुंडे माझ्यासमोर खाटेवर ओतायची आणि म्हणायची, "लावा जोड्या." मी लावायचो. सुया मोडल्या की सायकलच्या जुन्या ताऱ्या काढायचो, जात्याच्या दगडावर टोकं घासायचो, विटेवर गुळगुळीत करायचो. बाजारच्या सुयांपेक्षा त्या हलक्या. घासताना लोखंडाचा एक गरम वास यायचा, तो मला अजून येतो.

धान कापून झालं, पुंजणे रचून झाले की घरामागच्या सांदवाडीत ऊन यायचं. तनसाच्या ढिगाला पाठ टेकून बायका बसायच्या. सुयांची टकटक, मध्येच कोणाचं तरी हसू, तनसाचा कोरडा गोड वास, चुलीवरच्या पाण्याची वाफ. मी दोर वळायला मुद्दाम तिथेच बसायचो. "भाऊजी, याले कोनता लावू जी?" एक गुंडा माझ्याकडे फेकला जायचा. मी उत्तर लगेच द्यायचो नाही. माणसानं जरा वाट पाहायला लावावी.

आमच्या घरी लोकर मरत नसे. पोट्ट्याला आखूड झालेलं स्वेटर उसवायचं, रिठ्याच्या पाण्यात धुवायचं, खाली वजन बांधून दोरीवर टांगायचं, की तार पुन्हा सरळ. मग तीच लोकर दुसऱ्याच्या अंगावर. पण दर उसवण्यात थोडी तुटते, थोडी झिजते, म्हणून प्रत्येक वेळी थोडी नवी लागते. सारा प्रश्न तिथेच असतो. जुन्याला विचारून नवं आणायचं. लोक उलटं करतात. नवा झगझगीत रंग आवडला म्हणून आणतात आणि जुन्याला त्याच्यासोबत बळंच बसवतात. मग जुनं मळकं दिसतं आणि दोष त्या बिचाऱ्या लोकरीला.

आता थंडीत गावात फिरून या. लहानथोर सारे काळे चमकणारे जॅकेटांचे फुगे घालून हिंडतात. चालताना त्यांच्या बगलेत चुरचुर आवाज होतो. कोण कोणाचा ओळखू येत नाही. पूर्वी मी पाठीवरून सांगायचो, हा पोट्टा कोणाच्या घरचा, याच्या बाहीचा निळा आधी कोणत्या काकाच्या छातीवर होता. मला कोणी भावुक म्हणू नका. मला राग येतो एवढंच.

आता पोरीचं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पोरगी एकच. ती आपल्या मनानं गेली. का गेली, कोणासोबत गेली, मी काय बोललो, ती काय बोलली, ते मी इथे सांगत नाही. ज्याला हवं त्यानं गावात विचारावं, गाव तयारच बसलं आहे. शहापूरला राहते. आमच्या जिल्ह्यातच, हायवेवर. तेव्हापासून मी तिच्याशी बोललो नाही. आमच्याकडे बायकोला नावानं हाक मारत नाहीत, लेकराच्या नावानं मारतात. पोरगी जन्मली तेव्हापासून मी बायकोला "वंदाची माय" म्हणत आलो. पोरगी गेली आणि मला बायकोला हाक मारायला नावच उरलं नाही. "अवं" म्हणतो. ती कधी ओ देते, कधी देत नाही.

पोरीचा फोन दुपारी येतो. वाजला की मी उठतो आणि सांदवाडीत जातो. आत दोघी काय बोलतात ते मी ऐकत नाही. भिंत पातळ आहे, तो माझा दोष नाही.

यंदा कापणी उरकली आणि एका सकाळी बायको दारात येऊन उभी राहिली. मी दोर वळत होतो.

"वंदाले पोरगा झाला."

मी वळत राहिलो.

"ऐकलं का जी?"

"या दोराले पीळ बसून राहिला नाही."

"आजा झाले तुमी."

"मी कोनाचा आजा नाही."

"मंग कोन आहा? पोलीस पाटील?"

ती तिथेच बसली. म्हणाली, थंडीचं लेकरू आहे. आमच्यात बाळाच्या अंगाला पहिलं नवं लावत नाहीत. आजीच्या जुन्या लुगड्याचं दुपटं आणि आज्याच्या अंगच्या जुन्या लोकरीचं स्वेटर. नवी लोकर टोचते, आणि जुनीत माणसाची ऊब मुरलेली असते. हे मला ती सांगत होती. मला! जणू मी परक्या गावचा.

"तुमचा कत्था द्या उसवाले," ती म्हणाली.

कत्था म्हणजे माझ्या अंगातलं स्वेटर, पानाला लावतात त्या काताच्या रंगाचं. "आन मी मरू थंडीनं?"

"तुमाले कायची थंडी? तुमच्या डोक्यात तं बारमाही शेकोटी पेटून राह्यते."

मी दिलं नाही. तिनं दोनदा मागितलं नाही. तिलाही नाक आहे. तिनं स्वतःचं जुनं स्वेटर उसवलं, पेटीतून उरलेसुरले गुंडे काढले आणि विणायला बसली. आता तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकतो आहे. आधीच रंगाची समज नाही, त्यात हे. खाटेवर तिनं जे दोन गुंडे शेजारी ठेवले ते पाहून माझ्या तोंडात शब्द आला, मी तो गिळला. आपल्याला काय करायचं आहे? ती टाके घालत गेली आणि मी ते वाढताना पाहत राहिलो. माझ्यासमोर कोणी ढवळ्याला शेण फासावं तसं वाटत होतं.

मग शेजारची सुलोचना विरजण मागायला आली. तिची जीभ म्हणजे विळा.

"वैनी, हे बाळाचं स्वेटर होय का ऑटोरिक्षा?"

बायकोचा हात थांबला. "काहून? नेव्ही ब्लू आहे नं हा? आन हा सायीचा?"

"काळा आन पिवळा आहे बापा. मीटर तेवढं लावा आता."

सुलोचना हसत विरजण घेऊन गेली. बायकोनं तो गुंडा डोळ्याजवळ नेला, दूर धरला, परत जवळ नेला. बोटानं चाचपत राहिली, जणू रंग हाताला लागेल.

मला संताप आला. सुलोचनाचा आला, त्या डोळ्याचा आला, आणि सर्वांत जास्त हिचा, की विचारत का नाही.

"उसव ते," मी ओरडलो. "माह्या घरातून असं काही बाहीर जाणार नाही. लोक म्हणतीन हे याच्या घरून आलं."

"तुमी सांगत नाही, मले दिसत नाही. मंग कसं करू?"

"मी कायले सांगू? मी कोन त्याचा?"

"तेच म्हन्तो मी," ती म्हणाली. आमच्याकडे बायाही असंच बोलतात. "कोनी नाही तं ओरडून कायले राहिले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वायसर आणायला भंडाऱ्याला गेलो.

बोळातून निघून स्टँडवर आलो तेव्हा शहापूरची गाडी लागली होती. कंडक्टर दार थोपटत ओरडत होता, "चला शहापूर, शहापूर! बाबाजी, बसता का?" मी म्हणालो, तुझ्या बापाची गाडी आहे का, हाका मारून राहिला? तो हसला. लोक माझ्या रागाला हसायला लागले आहेत, हेही नवीन आहे. मी करडीच्या गाडीत बसलो. वायसर खिशात होता, तो घरी येऊन पाहिला तर आमच्या पंपाचा नव्हताच.

घरात आलो. बायको चुलीपुढे होती. कत्था अंगातून काढला आणि खाटेवर फेकला.

"घे. टोचून राहिलं मले ते."

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "भाजी गरम आहे," म्हणाली.

जुन्या स्वेटरची शिवण उकलली की आतल्या बाजूला मूळ रंग सापडतो. उन्हानं न खाल्लेला. बगलेखालची शिवण तिनं उकलली आणि तिथला कत्था असा निघाला, जसा शेठच्या दारावरून आणला त्या दिवशी होता. बाहेरचा सारा विटून मातकट झालेला. एकाच स्वेटरात दोन रंग, आणि इतकी वर्षं मी घालून फिरतो, मला पत्ता नाही. मला ते काही आवडलं नाही. धाग्याला वाफ लागली, रिठ्याचा फेस आला, ओल्या लोकरीचा तो जनावरासारखा वास घरभर झाला. दोरीवर लच्छे टांगले, खाली लोटे बांधले. वाऱ्यानं लोटे एकमेकांवर वाजत होते.

आता जोडीचा रंग. पेटीत शोधायला मी बसलो, कारण तिच्यावर सोडलं तर परत रिक्षा झाली असती. कत्थ्यासोबत जाईल असं दोनच निघालं. एक सायीचा, खरा सायीचा. दुसरा हळदी, थोडाच होता, पण बाळाला किती लागतो? दोन्ही चालण्यासारखे होते. आणि तिथे मी अडलो.

बायका मला गुंडा फेकून विचारायच्या तेव्हा मी पहिला प्रश्न एकच करायचो. घालणारा कसा आहे? गोरा, गव्हाळ, सावळा, का आमच्यासारखा? अंगाचा रंग ठाऊक नसताना लोकरीचा सांगणारा माणूस लबाड समजावा. मी कधी सांगितला नाही.

"कसा आहे तो?" मी विचारलं. भिंतीकडे पाहून विचारलं.

"कोन?"

"रंगानं, रंगानं."

"मले काय दिसते? मोबाइलात फोटो आहे. पाहा तुमी."

"मोबाइलात सारेच गोरे दिसतात. फोटोवर रंग सांगणारा मी नाही."

"मंग शहापूरले जा. गाडी जाते."

मी दोन्ही गुंडे पेटीत टाकले आणि झाकण आपटलं.

लच्छे वाळले. वाळल्यावर त्यांचे गुंडे करावे लागतात, आणि त्याला दोन माणसं लागतात. एकानं लच्छा दोन्ही हातांत ताणून धरायचा, दुसऱ्यानं टोक काढून गुंडाळत जायचं. मध्ये हात सोडला की गुंता, आणि लोकरीचा गुंता म्हणजे कात्रीच. आधी पोरगी धरायची. ती गेल्यापासून बायको खुर्चीच्या पाठीला अडकवते. काल दुपारी ती म्हणाली, जुनी तार आहे, खुर्चीला अटकून तुटते, जरा हात द्या. मी खाटेवर बसून हात पुढे केले. तिनं लच्छा चढवला. मऊ झाला होता, कोमट होता, उन्हातून आणलेला. ती गुंडाळायला लागली. मी डावा हात वाकवला, उजवा वाकवला, तार सुटत गेली.

फोन वाजला.

मी उठायला गेलो आणि लच्छा मनगटांवर आवळला.

"हलू नोका! तुटल!" बायको ओरडली आणि फोन उचलून मोठ्या आवाजावर खाटेवर ठेवला. गुंडा तिनं हातातून सोडला नाही.

"माय," पोरगी म्हणाली. "काय करून राहिली?"

"लोकर गुंडाळून राहिली. तुह्या बाबूजीनं लच्छा धरला आहे."

पलीकडून बाळाचा चिरका आवाज आला, भूक लागलेल्याचा.

"बाबूजी आहेत तिथं?"

बायको गुंडाळत होती. तिनं मान वर केली नाही. हात माझे पुढे, देवळातल्या भिकाऱ्यासारखे, आणि जागचं हलता येत नाही. असा राग मला आयुष्यात आला नाही.

"कोनावर गेलं पोट्टं?" मी म्हणालो. आवाज फाटला. "रंगानं विचारून राहिलो मी. दुसरं काही विचारत नाही."

"तुमच्यावर, बाबूजी."

"म्हंजे काळं आहे म्हन नं सरळ! सायीचा लावला असता तं डोमकावळा दिसला असता. अवं, हळदी काढ. सायीचा ठेव पेटीत."

बायको म्हणाली, "बरं." फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला, मग दुसऱ्यांदा आला. बाळ तिकडे ओरडतच होतं.

"रडून काहून राहिली?" मी खेकसलो. "बाळंतिनीनं रडलं का दूध आटते. येवढी अक्कल नाही तुले? आधी त्याले पाज."

"हो," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं बाळ गप्प झालं. फोन कोणी ठेवला नाही.

लच्छा अजून अर्ध्याहून जास्त माझ्या हातांवर होता, आणि बायको काही घाई करत नव्हती.